जुनाट दुखणे आणि धीराचे बोल

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळते, जखम भरून येते. पण कंबर, गुडघे, मान, खांदे यांचे दुखणे कित्येकदा मूळ इजा बरी झाल्यावरही मागे उरते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांचे जे अकरावे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू केले, त्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. ती केवळ दुसऱ्या रोगाची खूण असते असे नाही, ती स्वतःच एक आजार असू शकते, हे त्यातून मान्य झाले. या आजारावर औषधे आहेत, व्यायाम आहे, काही वेळा शस्त्रक्रियाही आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक उपचार आहे: रुग्णाचे नीट ऐकून घेणे, त्याचे दुखणे त्याला समजावून सांगणे आणि हिंडण्याफिरण्यासाठी त्याला धीर देणे. हे बोलणे म्हणजे वरवरची समजूत घालणे नव्हे. त्याचा परिणाम मोजता येतो, तो कसा घडतो हे बऱ्याच अंशी कळले आहे आणि तो कुठे अपुरा पडतो हेही ठाऊक आहे.

घोड आणि भीमेच्या काठी

असे दुखणे रोजच्या कामातून कसे येते हे शिरूर आणि दौंडमध्ये पाहता येते. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, दौंड भीमेच्या. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या दोन तालुक्यांत जिथे पाणी पोचले तिथे ऊस, कांदा आणि दुभती जनावरे आली. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. दौंड तर रेल्वेचे जुने जंक्शन. इथल्या बहुतेक कामांचा भार कंबर, गुडघे आणि खांद्यांवर पडतो. ऊसतोड मजूर दिवसभर वाकून बुडख्याशी कोयता चालवतात आणि बांधलेल्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवतात. कांद्याची लागण, खुरपणी आणि काढणी वाकून किंवा उकिडवे बसून होते, आणि हे काम मुख्यतः बायकांच्या वाट्याला येते. गुऱ्हाळावर तापलेल्या काहिलीपाशी उभे राहायचे आणि गुळाच्या जड ढेपा उचलायच्या. कारखान्यातला कामगार पाळीभर उभा असतो, तर पुणे–अहिल्यानगर आणि पुणे–सोलापूर रस्त्यांवरचा ट्रकचालक तितकेच तास बसून हादरे सोसतो.

या दुखण्याचे मोजमाप याच परिसरात झाले आहे. दौंडच्या पुढे, पुणे–सोलापूर लोहमार्गावर, इंदापूर तालुक्यातले भिगवण लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी रुग्णालयात न करता लोकवस्तीत जाऊन करायची, लोकांना त्याची माहिती द्यायची आणि पुढे ते दुखणे टाळण्याचे उपाय शोधायचे, असा त्याचा क्रम होता. या कार्यक्रमातली भारतातली पहिली पाहणी १९९६ मध्ये भिगवणला झाली. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी ती केली. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले, चार हजारांहून अधिक प्रौढांची नोंद झाली, आणि ज्यांना दुखणे होते त्यांना डॉक्टरांनी तपासले. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एकाला. सांधे विद्रूप करणारा आमवात मात्र दोनशेत एखाद्यालाच होता. बाकीच्यांत झिजेचा संधिवात होता, स्नायू आणि स्नायुबंधांची दुखणी होती, आणि ज्यांच्या दुखण्याला कोणतेही ठाम नाव देता येत नव्हते असेही पुष्कळ लोक होते.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. तिथे २००७ च्या सुमारास पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या आरोग्याची मोठी पाहणी झाली. त्यात वेदनेबरोबर झोप, मनःस्थिती, चालणे-फिरणे आणि माणसांशी असलेला संबंध यांचीही विचारपूस केली गेली. स्त्रियांनी स्वतःच्या प्रकृतीविषयी पुरुषांपेक्षा वाईट उत्तरे दिली. दुखणे, झोप, मन आणि माणसे यांची अशी एकत्र चौकशी करण्याला कारण आहे. जुनाट वेदनेत या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

वेदना तयार कशी होते

शरीराला इजा झाली की मज्जातंतूंमधून संदेश मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे जातो. तो संदेश पोचला म्हणजे वेदना झालीच असे नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तानुसार मज्जारज्जूत एक प्रकारचे दार असते, आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांप्रमाणे ते कमी-जास्त उघडते. पुढच्या संशोधनात या सिद्धान्ताचे तपशील बदलले, पण मेंदू वेदनेचे संदेश वरून दाबू शकतो किंवा वाढवू शकतो हा गाभा टिकला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी, अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये शोधून काढली. वेदना शमवणारी यंत्रणा शरीराजवळ स्वतःची असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

भीती, जागरण, चिंता आणि एकटेपणा या यंत्रणेला दुबळे करतात. दुखणे महिनोन्‌महिने चालले की मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधला रिले फार खाली लावला तर मोटार चांगली असूनही जराशा भाराने ती बंद पडत राहते. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचेही तसेच होते. हलका स्पर्श, थोडे वाकणे, जिन्याच्या चार पायऱ्या एवढ्यानेही कळ उठते. रुग्णाला ती कळ खरोखरच येत असते. फक्त तिच्या तीव्रतेवरून आत किती बिघाड आहे याचा अंदाज बांधता येत नाही.

बोलण्याचा उपयोग इथेच होतो. माणसाला आपल्या दुखण्याचा अर्थ काय वाटतो, पुढे काय होणार असे वाटते, जवळ कोणी आहे की नाही, या साऱ्याची नोंद घेऊन मेंदू ते दार उघडतो किंवा लोटतो. ‘आता माझं काही खरं नाही’ असा विचार मनात घर करून बसलेल्या रुग्णाला त्याच इजेची वेदना जास्त होते आणि तो अंथरुणालाही अधिक काळ खिळून राहतो. उलट, दुखणे काय आहे हे ज्याला कळले आहे आणि काय करायचे हे ज्याला ठाऊक आहे, तो तेवढ्याच दुखण्यात जास्त हिंडतो-फिरतो.

शब्दांचा परिणाम मोजला गेला

धीर देण्याचा गुण प्रयोगाने तपासता येतो, हे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दिसले. पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञांनी आधी आणि नंतर भेटून सांगितले की दुखेल, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल आणि कूस बदलताना, श्वास घेताना काय करायचे. या गटाला शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन जवळजवळ निम्मेच लागले, आणि त्यांना सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी सोडता आले. सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या शल्यचिकित्सकांना कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हते. ही वेदना ताजी होती, जुनाट नव्हती, पण शब्द औषधाची गरज कमी करतात हे त्यातून सिद्ध झाले.

जुनाट पोटदुखीवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्याच्या संवेदनशीलतेमुळे वर्षानुवर्षे पोट दुखणाऱ्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त थांबायला सांगितले. दुसऱ्याला खोट्या सुयांचे ॲक्युपंक्चर दिले, पण त्यांच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलणे ठेवले. तिसऱ्याला तीच खोटी सुई दिली, शिवाय उपचार करणाऱ्याने वेळ देऊन चौकशी केली, आपुलकीने ऐकले आणि बरे वाटेल असा विश्वास दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक एवढाच होता की तिसऱ्या गटाशी माणूस माणसासारखा बोलला होता.

बोलण्याच्या शिस्तबद्ध उपचारांत विचार आणि वर्तन यांवर काम करणारी ‘सीबीटी’ ही पद्धत सर्वाधिक तपासली गेली आहे. २०२० मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जुनाट वेदनेवरचे ७५ अभ्यास आणि नऊ हजारांहून अधिक रुग्ण विचारात घेतले गेले. या पद्धतीने वेदना, अपंगत्व आणि मनाचा त्रास तिन्ही कमी होतात, पण फार नाही, थोडेसेच, असा त्याचा निष्कर्ष होता. कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांच्या हालचालीत सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारणा होती. सीबीटी घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के आणि ध्यानावर आधारलेले शिक्षण घेतलेल्यांत सुमारे ६० टक्के होते. बोलण्याने जुनाट दुखणे सहसा नाहीसे होत नाही. ते आवाक्यात येते, आणि त्याच्यासह जगता येते. जुनाट वेदनेवरच्या बहुतेक गोळ्यांचा गुणही याहून फार मोठा नसतो, आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र असतात.

शब्द इजाही करतात

जे शब्द वेदना शमवू शकतात तेच ती वाढवूही शकतात. ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘वंगण संपलंय’, ‘जपा, नाहीतर अंथरूण धराल’ ही वाक्ये दवाखान्यापासून पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतात. ती ऐकलेला माणूस वाकायला घाबरतो, उचलायला घाबरतो, हळूहळू चालायलाही घाबरतो. स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि थोड्याशा हालचालीनेही जास्त दुखू लागते. मग भीती खरी ठरल्यासारखी वाटते आणि माणूस आणखी जपतो.

तपासणीच्या फिल्ममध्ये दिसणाऱ्या झिजेविषयी हे विशेष खरे आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरातल्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी ही झीज वयाबरोबर येते, आणि ती दिसली म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच असे ठरत नाही. अहवाल हातात देताना डॉक्टरांनी एवढे सांगितले तरी रुग्णाची भीती पुष्कळ ओसरते. ‘तुमच्या वयाला असा मणका असतोच. पाठ कमकुवत झालेली नाही. दुखेल, पण चालल्याने नुकसान होणार नाही,’ हे सांगायला एक मिनिट पुरते.

धीर द्यायची रीत

उपयोगी पडणारे बोलणे ऐकण्यापासून सुरू होते. ठणका आहे की चमक, आग होते की मुंग्या येतात, रात्री जाग येते का, सकाळी अंग किती वेळ आखडलेले असते, या प्रश्नांची उत्तरे निदानाला मदत करतात. तळपायांची आग आणि मुंग्या मधुमेहाकडे बोट दाखवू शकतात. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ बोटे आखडत असतील तर आमवाताची शंका घ्यावी लागते. रुग्णाला पूर्ण बोलू दिल्याने आणखी एक गोष्ट साधते. आपल्यावर विश्वास ठेवला गेला, हे त्याला कळते. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ एवढे बोलून बोळवण झालेल्या माणसाला आपण खोटे ठरलो असे वाटते, आणि मग तो खरेपणा सिद्ध करण्यासाठी दवाखान्यांमागून दवाखाने पालथे घालतो.

दुसरी पायरी समजावून सांगण्याची. दुखणे खरे आहे, ते मनाचे खेळ नाहीत. पण मज्जासंस्था अती जागरूक झाल्यामुळे इजा नसतानाही इशारा येतो, असे साध्या मराठीत सांगावे लागते. हे न सांगता ‘समुपदेशन घ्या’ म्हटले तर ‘मला वेडं ठरवताय का?’ असाच त्याचा अर्थ घेतला जातो. बोलण्याचा उपचार सुचवताना हा गैरसमज आधी दूर करणे हे उपचाराचेच काम आहे.

तिसरी पायरी छोट्या, रुग्णाने स्वतः निवडलेल्या उद्दिष्टाची. ‘दुखणे जावे’ याची वाट पाहण्यापेक्षा ‘नातवाला शाळेत सोडायला जाता यावे’, ‘गुरुवारी भजनाला तासभर बसता यावे’, ‘दोन्ही वेळच्या धारा काढता याव्यात’ असे काही ठरवले की प्रगती दिसू लागते. त्यासाठी कामाचे माप घालावे लागते. बरे वाटले त्या दिवशी सगळे रान खुरपून काढायचे आणि मग तीन दिवस अंगाला हळद-तेल लावून पडून राहायचे, हे चक्र जुनाट दुखण्यात सर्रास आढळते. त्याऐवजी दुखो वा न दुखो, ठरलेला वेळ काम, ठरलेला वेळ विसावा, आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर घालायची. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालणारा माणूस दोन महिन्यांत अर्ध्या तासावर पोचू शकतो. मधे एखाद्या दिवशी कळ वाढली तर ती पीछेहाट नव्हे, अडथळा आहे, आणि तो येणारच होता, हे आधीच सांगून ठेवले तर माणूस खचत नाही.

घरातल्या माणसांचे बोलणे

घरात दोन टोकांच्या चुका होतात. एक अविश्वासाची. सुनेची कंबर दुखते म्हटले की ‘कामाचा कंटाळा’, आणि म्हाताऱ्या सासूचे गुडघे दुखतात म्हटले की ‘वय झालं, दुखायचंच’ असे म्हणून विषय संपवला जातो. अशा माणसाचे दुखणे कमी होत नाही. ते फक्त बोलून दाखवणे बंद होते, आणि एकटेपणाने ते वाढते.

दुसरी चूक मायेची असते. वेदनाशास्त्रातले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की कण्हल्यावरच लक्ष मिळाले आणि हिंडल्यावर कोणी दखल घेतली नाही, तर कण्हणे वाढते आणि हिंडणे कमी होते. रुग्ण हे मुद्दाम करत नाही. माणसाची वागणूक अशीच घडत जाते. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे प्रेमाचे वाक्य रोज ऐकून चालता-फिरता माणूस खाटेवर येतो. म्हणून घरच्यांनी दर तासाला ‘आई, दुखतंय का अजून?’ असे विचारण्यापेक्षा ‘आई, आज मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलात का? उद्या मी येते तुमच्याबरोबर,’ असे म्हणणे अधिक गुणाचे. दुखणे मान्य करायचे, कौतुक मात्र हालचालीचे करायचे. घरातले एखादे हलके काम, मग ते भाजी निवडणे असो किंवा दुधाचा हिशेब ठेवणे असो, रुग्णाच्या हाती राहिले तर घरात आपली गरज आहे हेही त्याला जाणवते.

आपल्यासारखीच चार माणसे

दुखणे सोसणाऱ्याचे दुखणे सोसणाराच जाणतो, या अनुभवाला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी शास्त्राची शिस्त दिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग सुरू केले. ते चालवणारे डॉक्टर नव्हते. बहुतेक जण स्वतः संधिवात असलेले, थोडे प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते. व्यायाम, झोप, औषधे, निराशा यांविषयी बोलायचे, पुढच्या आठवड्याचा बेत करायचा आणि तो पाळला का हे एकमेकांना विचारायचे, असे त्यांचे स्वरूप होते. चार वर्षांनंतरच्या पाहणीत या लोकांची वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी झालेली होती आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या होत्या. या काळात त्यांचा संधिवात थांबला नव्हता, शारीरिक अक्षमता थोडी वाढलीच होती. सुधारणेचा सर्वांत जवळचा संबंध ‘मला हे जमेल’ या विश्वासाशी आढळला.

साध्या माणसांना शिकवून बोलण्याचा उपचार देता येतो, हे गोव्यातही सिद्ध झाले आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्याच्या रुग्णांशी ते सहा ते आठ बैठकांत बोलत आणि त्यांना पुन्हा रोजच्या कामांकडे वळायला मदत करत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचे नैराश्य केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. हा उपचार वेदनेसाठी नव्हता. पण जुनाट वेदना आणि नैराश्य इतक्या वेळा एकत्र असतात की त्याची रीत दोन्हींकडे उपयोगी पडते.

शिरूर आणि दौंडमध्ये यासाठी लागणारी माणसे गावोगावी आहेत. आशा सेविका घरोघर जाते, तिला प्रत्येक उंबरठ्याआडचे दुखणे माहीत असते. आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो. महिला बचत गट दर महिन्याला बसतो, भजनी मंडळ आठवड्याला. आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवत आणि वरवंडला मुक्कामी असते, आणि गुडघे दुखणारी कित्येक माणसे दिंडीच्या संथ चालीने, नामाच्या आणि सोबतीच्या बळावर मैलोन्‌मैल जातात. बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास दुखण्याविषयी बोलायचे, दोन सोपे व्यायाम करायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत कोण किती चालणार हे ठरवायचे, एवढ्याला वेगळी इमारत लागत नाही. गटात एक पथ्य मात्र पाळावे लागते. केवळ दुखण्याच्या तक्रारींची उजळणी होत राहिली तर सगळेच अधिक खचतात. प्रत्येकाने आपण काय करून पाहिले हे सांगितले तर गट उपयोगी ठरतो.

बोलणे कुठे पुरत नाही

काही दुखण्यांत बोलण्यापूर्वी तातडीने तपासणी हवी. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा जांघेत बधिरपणा येणे; ताप, वजन घटणे; पूर्वी कर्करोग झालेला असणे; पडल्यानंतर किंवा अपघातानंतर उठलेली तीव्र कळ; सांधे सुजून लाल होणे, या धोक्याच्या खुणा आहेत. आमवात असेल तर पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषधे सुरू व्हावी लागतात, नाहीतर सांधे कायमचे वाकडे होतात. चिकुनगुन्याची मोठी साथ २००६ मध्ये महाराष्ट्रात आली होती, आणि ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखत राहणारे रुग्ण तेव्हापासून सर्वांच्या परिचयाचे झाले. अशांनाही डॉक्टरांची देखरेख लागते. कर्करोगाच्या वेदनेत तर धीर मॉर्फिनची जागा घेऊ शकत नाही. तिथे दोन्ही द्यावे लागतात, आणि पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चाललेले सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र तेच काम करते.

मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे, कोणते औषध आहे हे न सांगता दिलेल्या पुड्या घेणे धोक्याचे आहे, हेही धीराच्या बोलण्यात स्पष्ट सांगायला हवे. वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घ वापराने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा पुड्यांत छुपे स्टेरॉइड असेल तर त्याने काही दिवस छान वाटते, पण साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात.

दुसरी मर्यादा पोटाची आहे. उचल घेऊन आलेल्या ऊसतोड जोडप्याला ‘कामाचे माप घाला’ हा सल्ला पाळता येत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात. कंत्राटी कामगाराला यंत्राजवळ स्टूल मागायची सोय नसते. अशा ठिकाणी मोळीचे ओझे, पाळीचे तास, उभ्याची जागा आणि विसाव्याची मिनिटे बदलली नाहीत तर रुग्णाला दिलेला धीर अपुराच पडणार. दुखण्याची जबाबदारी एकट्या दुखणाऱ्यावर टाकण्यासाठी या उपचाराचा वापर होता कामा नये.

दुखणे असह्य होऊन जगणे नकोसे वाटू लागले, झोप उडाली, जेवण तुटले, तर ती मानसिक आरोग्याची तातडीची बाब समजावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. शिरूर आणि दौंड येथील सरकारी रुग्णालये आणि गावांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे ही तपासणीची पहिली जागा आहे. गरज भासल्यास तिथून पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवता येते. तपासणीत धोक्याचे काही नाही असे ठरल्यावर उपचार संपत नाहीत. समजावून सांगणे, छोटे उद्दिष्ट ठरवणे, घरच्यांना बोलण्याची रीत शिकवणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारपूस करणे हा त्यापुढचा भाग आहे, आणि जुनाट दुखण्याच्या रुग्णाला त्याचाच आधार सर्वांत जास्त काळ लागतो.